रीडमी आहे, पण प्रोजेक्ट चालवायचा कसा? या चुका टाळा

ओपन सोर्स प्रोजेक्ट, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो तो, कोडमुळे क्वचितच बंद पडतो. सांभाळणारा थकतो, त्याची नोकरी बदलते, आणि पुढची रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, कशी काढायची हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त वापरणाऱ्यांसाठी डॉक्युमेंटेशन लिहिणं. रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलमध्ये, इन्स्टॉल कसं करायचं ते असतं, पण टॅग (आवृत्तीची खूण) कधी लावायचा, साइनिंग की (रिलीजवर डिजिटल सही करायची किल्ली) कोणाकडे आहे, डोमेनचं नूतनीकरण कोण करतं, हे कुठेच नसतं. पासवर्ड रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवतो त्या जागी, लिहायचे नाहीतच. पण ते कोणत्या दोघांकडे आहेत, हे बाकीच्या माहितीसोबत एका पानावर लिहून ठेवा. दोघांकडे म्हणतोय, एकाकडे नव्हे. मग पुढची रिलीज सहकाऱ्याला फक्त ते पान वाचून काढू द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे पान अपुरं आहे.

निर्णय लिहिले जातात, कारणं राहून जातात. मग जुनाच वाद दर सहा महिन्यांनी नव्याने रंगतो. काय ठरलं, कोणते पर्याय सोडले आणि का, एवढं अर्ध्या पानात कोडसोबतच ठेवा. चॅटमधलं पुढे सापडत नाही.

थकव्यात घाईने चावी सोपवणं सर्वांत महागात पडतं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम हे जावास्क्रिप्टचं पॅकेज (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे दिलं; पुढे त्यातून बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड पसरला. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या प्रोजेक्टमध्ये तर हल्लेखोराने सुमारे दोन वर्षं मन लावून काम करत विश्वास कमावला, आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. तिथल्या एकट्या मेंटेनरला, म्हणजे सांभाळणाऱ्याला, मी दोष देणार नाही. तो फुकट, दमलेला असताना काम करत होता. म्हणूनच नियम अंगात उत्साह असतानाच लिहायचे: नव्या माणसाला आधी रिव्ह्यू (इतरांचा कोड तपासणं), मग मर्ज (बदल मूळ कोडमध्ये मिसळणं), रिलीजचा हक्क सर्वांत शेवटी, आणि प्रत्येक रिलीजला दोघांची संमती.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसारख्या मोठ्या प्रोजेक्टलाही २०१८ मध्ये तिचे जनक गिडो व्हॅन रोसम नेतृत्वातून बाजूला झाल्यावर नवी व्यवस्था ठरवायला काही महिने लागले. पाच जणांची पहिली स्टीअरिंग कौन्सिल, म्हणजे निर्णय घेणारी समिती, २०१९ मध्ये निवडली गेली. तिथे माणसं भरपूर होती. तुमच्याकडे दोनच असतील, तर हे आजच ठरवा.

प्रत्येक आवृत्तीचा सपोर्ट कधी संपणार, ती तारीखही जाहीर करा. आणि थांबायचंच असेल, तर रीडमीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा, पर्यायी प्रोजेक्टची लिंक द्या आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवा.