लॅक्टोजची जीन टेस्ट करायचीय? आधी हे विचारा, मग रिपोर्ट असा वाचा

दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, पळापळ होते, म्हणून जीन टेस्ट करावी असं डोक्यात असेल तर पैसे भरायच्या आधी लॅबला एकच प्रश्न विचारा, तुम्ही नेमके कुठले व्हेरियंट, म्हणजे डीएनएमधले बदल, बघता? "लॅक्टोजचा जीन बघतो" एवढ्यावर फोन ठेवू नका, सगळा घोळ तिथेच असतो.

कसंय, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडणारं लॅक्टेज एन्झाइम तान्हेपणी जवळपास सगळ्यांकडे असतं, नंतर बहुतेकांचं कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच आहे, त्यामुळे याला आजार म्हणणं मला तरी पटत नाही. ज्यांचं टिकतं त्यांच्यात डीएनएच्या एका अक्षराचा बदल असतो, आणि गंमत म्हणजे तो लॅक्टेज बनवणाऱ्या एलसीटी जीनमध्ये नसतोच, शेजारच्या एमसीएम६ मध्ये असतो आणि तिथून एलसीटी चालू ठेवतो.

यातला सगळ्यात प्रसिद्ध बदल फिनलंडच्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधला, -१३९१० या जागी (एलसीटीच्या सुरुवातीपासून मागे मोजलेला क्रमांक) सी या अक्षराऐवजी टी. युरोपात मुख्यतः हाच, भारतातही प्रामुख्याने हाच सापडतो, आणि बऱ्याच टेस्ट फक्त एवढाच बघतात. पण केनिया-टांझानियाच्या गुराख्यांमध्ये -१४०१० वर वेगळा बदल आहे, अरबस्तानात -१३९१५ वर, सुदान-इथिओपियाकडे -१३९०७ वर. म्हणजे घराणं तिकडचं असेल आणि टेस्ट फक्त -१३९१० ची असेल, तर रोज आरामात दूध पिणाऱ्यालाही "लॅक्टोज पचत नाही" असा रिपोर्ट येऊ शकतो! तेव्हा आईवडिलांची मुळं कुठली ते आधी बघा, आणि मिश्र असतील किंवा माहीतच नसेल तर हे सगळे व्हेरियंट बघणारी टेस्ट घ्या.

आता रिपोर्ट. आरएस४९८८२३५ असा व्हेरियंटचा कोड दिसला तर तो तोच -१३९१०. काही लॅब सी आणि टी लिहितात, काही डीएनएची समोरची पट्टी वाचून जी आणि ए लिहितात, त्यामुळे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की माणूस गोंधळतो. अक्षरं दोन असतात, कारण एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. सीसी म्हणजेच जीजी, एन्झाइम कमी होण्याकडे कल. टीटी म्हणजे एए, टिकण्याकडे. सीटी म्हणजे जीए आलं तरी घाबरू नका, टीची एक प्रत सहसा पुरते.

सीसी आलं म्हणून लगेच दूध बंद करायची गरज नाही हं. एन्झाइम कमी असणं वेगळं आणि त्रास होणं वेगळं, कपभर दूध, म्हणजे साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, बऱ्याच जणांना जेवणासोबत चालून जातं, दही आणि जुनं कडक चीज तर त्याहून सोपं. मंगोलियात तर हे बदल फार कमी जणांत आहेत तरी लोक दुधाच्या पदार्थांवर जगतात, बरंचसं आंबवून.

उलटंही होतं, टीटी आहे तरी त्रास. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) किंवा जोरदार जुलाबानंतर आतड्याचं अस्तर दुखावलं की लॅक्टेज घटतं, ते जीनमध्ये दिसणार नाही, आणि दुधाची अ‍ॅलर्जी हा तर वेगळाच विषय. आत्ता पचतंय की नाही हे बघायचं तर हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासातला हायड्रोजन मोजायचा (न पचलेलं लॅक्टोज आतड्यातले जंतू आंबवतात तेव्हा तो बनतो), रात्रभर उपाशी राहून २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज प्यायचं आणि काही तास ठरावीक वेळाने फुंकत बसायचं, हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाखांत २० भाग) वाढला की पॉझिटिव्ह. कंटाळवाणी आहे, आणि त्याआधी अँटिबायोटिक्स घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा, रिझल्ट बिघडतो.

लहान मुलांची जीन टेस्ट करून फारसा उपयोग नाही, सीसी असलं तरी त्या वयात एन्झाइम अजून शिल्लक असतं, आणि मूल दुधाने खरंच आजारी पडत असेल तर थुंकीचं किट मागवण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.