ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

नवीन कार्ड बसवलं आणि गेम सुरू होताच पीसी बंद पडला, तर बऱ्याचदा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कमी पडलेला असतो. मालवण-देवगडकडे कुरिअरने मागवलेलं कार्ड परत पाठवणं म्हणजे नुसती यातायात, म्हणून आधीच बघून घ्या.

१. स्विच बंद करून वायर काढा, पॅनल उघडा, लेबलचा फोटो घ्या.

२. ठळक छापलेल्या ‘४५० वॉट’वर जाऊ नका. १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा. तिथे १६ अँपिअर असतील तर हातात फक्त १९२ वॉट. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच १७० वॉट घेतं, प्रोसेसरही त्याच लाइनवर असतो. एनव्हिडिया ही कंपनी या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. १२ व्होल्टच्या दोन लाइन असल्या तर बेरीज न करता लेबलवरचा त्यांचा एकत्रित वॉटचा आकडा धरा.

३. कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची वायर आहे का बघा. प्रोसेसरची ८ पिन (४+४) वेगळी, ती इथे चालत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिना हिरवट पडतात. तशा दिसल्या तर तो एसएमपीएस बदलाच.

साटाच्या (हार्ड डिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या) वायरवरून ८ पिन करणारा कन्व्हर्टर कृपया लावू नका, वायर वितळू शकते.