कमांडचे लांबलचक आउटपुट पेजरमध्ये कसे वाचावे

कमांड चालवली की शेकडो ओळी सर्रकन वर निघून जातात आणि हवी असलेली ओळ नेमकी त्यांतच असते. अशा वेळी आउटपुट पेजरकडे, म्हणजे मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवावे. लिनक्स आणि मॅकओएसवर 'लेस' हा पेजर बहुधा आधीपासूनच असतो.

कमांड लिहून झाली की उभी रेघ | द्या, म्हणजेच पाइप. पुढे एल-ई-एस-एस ही चार रोमन अक्षरे टाइप करून एंटर दाबा. पडदाभर मजकूर दिसून थांबेल. स्पेसबारने पुढचे पान, 'बी'ने मागचे. लहान 'जी' सुरुवातीला नेतो, कॅपिटल 'जी' शेवटाला. बाहेर पडायला 'क्यू'. हे अक्षर सगळ्यांत आधी पाठ करा, कारण नवा माणूस अडकतो तो इथेच.

शोधायचे असेल तर / देऊन शब्द लिहा, 'एन' दाबत पुढे जा. त्याहून मला & मोलाचे वाटते: त्यापुढे शब्द दिला की तो असलेल्या ओळीच तेवढ्या उरतात. नुसते & आणि एंटर दाबले की सगळ्या परत येतात.

आता खरी अडचण. पाइपमधून फक्त स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे कमांडचा नेहमीचा मजकूर, जाते. एरर मेसेज वेगळ्या वाटेने थेट पडद्यावर येतात आणि पेजरमधल्या मजकुरावर सांडतात. म्हणून पाइपच्या आधी 2>&1 लिहा. मग एररही पाइपमधूनच जातात. प्रोग्रॅम कंपाइल करताना हे आवर्जून करा. पुढच्या बऱ्याच एरर पहिल्या एररमधूनच उपजलेल्या असतात आणि ती पहिलीच वर निघून गेलेली असते.

रंगही हरवतात. आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपमध्ये चालले आहे हे ओळखून अनेक प्रोग्रॅम रंग बंद करतात. जीएनयूच्या एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) किंवा ग्रेपला (मजकुरात शोधणारी कमांड) 'कलर'चा पर्याय 'ऑलवेज' असा द्या आणि लेसला उणे चिन्हासह कॅपिटल 'आर' द्या. 'आर' विसरलात तर रंगांऐवजी कंसांचा आणि आकड्यांचा कचरा दिसेल. ओळी रुंद असल्या तर उणे आणि कॅपिटल 'एस' द्या. मग त्या मोडत नाहीत, बाणाच्या कळीने उजवीकडे सरकता येते.

कमांडला बराच वेळ लागला असेल आणि आउटपुट जपून ठेवावेसे वाटले, तर ती पुन्हा चालवू नका. लेसमध्येच लहान 'एस' दाबा आणि फाइलचे नाव द्या. पाइपमधून आलेला मजकूर त्या फाइलमध्ये उतरतो.