बजेट एअरलाइनकडून पायलटची ऑफर आली? सही करायच्या आधी हा हिशोब मांडा

ऑफर लेटर आलं की सगळे आधी कॅप्टनला किती मिळतात ते शोधत बसतात. ते राहू द्या, त्याला अजून बरीच वर्षं आहेत. आधी कर्जाचा कागद काढा.

समजा ट्रेनिंगला 100 रुपये कर्ज घेतलंय, 10 टक्के व्याज आणि पहिली 2 वर्षं हप्ता नाही. हप्ता नाही म्हणजे व्याज थांबलं असं नसतं, ते मुद्दलात चढत राहतं आणि 2 वर्षांनी 100 चे 121 झालेले असतात. ते 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 1.6, एकूण 192 च्या आसपास. आणि जामीनदार म्हणून आईवडिलांची सही असेल तर हे ओझं तुमचं एकट्याचं नाहीये.

यात टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी, धरलेलंच नाही. एअरबस ए320 चं रेटिंग घेऊन बोईंग 737 उडवता येत नाही, त्यामुळे हातात नोकरी नसताना 'रेटिंग करून ठेवू, उपयोगी पडेल' म्हणून पैसे घालणं हा माझ्या मते सरळ जुगार आहे. पैसे भरून कंपनीच्या विमानावर तास मिळवायच्या स्कीम असतात, त्यांच्या तर नादालाच लागू नका, काम तुम्ही करणार आणि वर पैसेही तुम्हीच देणार?

आता पगार. बऱ्याच ठिकाणी बेसिक कमी असतो आणि बाकी सगळं ब्लॉक आवरवर, म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ. डिले झाला म्हणून टर्मिनलवर काढलेले 3 तास त्यात नाहीत, स्टँडबायला, म्हणजे कधीही बोलावतील म्हणून, युनिफॉर्म इस्त्री करून फोनकडे बघत घालवलेला दिवसही बहुतेक वेळा नाही. मी महिन्याला 75 तास धरून गणित मांडलं होतं, पहिल्या ऑफ सीझनला एका महिन्यात 38 भरले आणि हप्ता काही अर्धा झाला नाही. म्हणून इंटरव्ह्यूत कितीही मोठा आकडा सांगू देत, तुम्ही एकच विचारा, गॅरंटी किती तासांची, म्हणजे कमी उडालो तरी किती तासांचे पैसे नक्की मिळणार? हप्ता, भाडं आणि जेवण त्या गॅरंटीच्या पगारात बसतंय का बघा. लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी असलेल्या फ्लाइटवरचं ट्रेनिंग, संपेपर्यंत पगार कमी असेल तर ते महिनेही वेगळे धरा.

कॉन्ट्रॅक्ट कंपनीचं आहे का एजन्सीचं तेही बघा. एजन्सीमार्फत 'सेल्फ एम्प्लॉइड' असाल तर टॅक्स तुम्ही भरायचा आणि आजारी पडलात तर त्या दिवसांचे पैसे बहुधा नाहीत.

बाँडचं, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला भरायच्या रकमेचं, कलम मात्र दोनदा वाचा. 3 वर्षांचा बाँड असेल तर रक्कम दर महिन्याला घटते का शेवटपर्यंत तेवढीच राहते? घटणारी असेल तर 30 महिन्यांनी सोडताना सहावा हिस्सा भरायचा, नसेल तर पूर्ण. कंपनीने स्वतःच काढलं किंवा प्रोबेशनमध्ये नापास केलं तर काय, हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. बेस, म्हणजे तुमची ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, बदलला तर शिफ्टिंगचा खर्च कोणाचा, तेही तिथेच.

कंपनी बंद पडणं ही काही लांबची गोष्ट नाही. ब्रिटनची मोनार्क ऑक्टोबर 2017 मध्ये बंद पडली, तिथलीच फ्लायबी मार्च 2020 मध्ये, आपल्याकडच्या गो फर्स्टची विमानं मे 2023 मध्ये जमिनीवर आली. अशा वेळी त्याच टाइपचे शेकडो पायलट एकदम बाजारात येतात आणि त्यात तुमचे तास सगळ्यात कमी. शिवाय 90 दिवसांत 3 टेकऑफ आणि 3 लँडिंग झाले नाहीत की रिसेन्सी, म्हणजे प्रवासी घेऊन उडायची पात्रता, जाते, रेटिंग रिन्यू करायला सिम्युलेटर लागतो आणि नोकरी नसताना त्याचं बिल तुमच्याच खिशातून. म्हणून 6 महिन्यांचे हप्ते आणि सिम्युलेटरचा एक खर्च बाजूला पडेपर्यंत गाडीबिडी घेऊ नका.

मेडिकल, म्हणजे उडायला फिट असल्याचं सर्टिफिकेट, गेलं तर पैसे देणारा लॉस ऑफ लायसन्सचा इन्शुरन्स पहिल्याच वर्षी, तब्येत ठणठणीत असतानाच घ्या, आधीपासूनचे आजार त्यात सहसा धरत नाहीत. आणि नोकरी गेली तर त्यातून काही मिळत नाही, त्यात बरेच जण गल्लत करतात.

हे सगळे प्रश्न एचआरला एकाच मेलमध्ये नंबर घालून पाठवा. लगेच फोन करून 'अरे ते सगळं होतं, काळजी करू नकोस' म्हणतील, तेव्हा गोड आवाजात सांगायचं, सर एवढंच मेलवर टाका ना प्लीज.