‘हार्ड’ला ‘ली’ लावण्याआधी थांबा: इंग्रजी क्रियाविशेषणांच्या या चुका टाळा

विशेषणाला ‘ली’ जोडली की क्रियाविशेषण तयार, हे आपण शाळेत घोकलेले असते. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, ‘क्विक’चे ‘क्विकली’. मात्र काही शब्दांना तीच ‘ली’ लागली की अर्थ पार बदलतो, आणि नेमके हेच शब्द रोज लागतात.

मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ म्हणाल, तर ‘मी जेमतेमच काम करतो’ असे सांगून बसाल. मेहनतीसाठी नुसते ‘हार्ड’ हवे. जुन्या इंग्रजीत या क्रियाविशेषणाच्या शेवटी एक स्वर असे. तो झिजला आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखे दिसू लागले. ‘हार्डली’चाही पूर्वी ‘जोराने’ असा अर्थ होता, पुढे तो ‘कष्टाने’ आणि शेवटी ‘जेमतेम’वर येऊन थांबला. या शब्दात नकार आधीच आहे, म्हणून ‘आय कान्ट हार्डली हिअर’ नको, ‘आय कॅन हार्डली हिअर’ म्हणा.

‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ, पण ‘शी निअरली फेल (fell)’ म्हणजे ती पडता पडता वाचली. ‘आय विल एक्स्प्लेन शॉर्टली’ म्हटले की समोरचा वाट पाहत बसतो, कारण ‘शॉर्टली’ म्हणजे थोड्याच वेळात. थोडक्यात सांगायचे असेल तर ‘ब्रीफली’.

चिवट चुका मात्र आपल्या मराठीतून येतात. चहा ‘फार’ गोड झाला आणि गाणे ‘फार’ छान झाले, दोन्हीकडे आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘टू’, दुसऱ्या ठिकाणी ‘व्हेरी’. ‘आय अ‍ॅम टू हॅपी’ म्हटले की आनंद गरजेपेक्षा जास्त झाल्यासारखा वाटतो. ‘अजून’ तर तीन कामे करतो. तो अजून झोपलाय: ‘स्टिल’. तो अजून आला नाही: ‘यट’. अजून वाढा: ‘मोअर’. वाक्य जुळवताना आपल्याला यातला कुठला ‘अजून’ म्हणायचाय, ते आधी ठरवा.

‘फ्रेंडली’ आणि ‘कॉस्टली’ शेवटी ‘ली’ असूनही विशेषणेच आहेत. ‘ही स्पोक फ्रेंडली’ चालत नाही, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावे लागते.

आणि ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्रेझेंटली’ शक्यतो टाळाच. ब्रिटिश वाचक त्याचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा घेऊ शकतो, अमेरिकन वाचक ‘सध्या’ असा. ‘सून’ किंवा ‘करंटली’ लिहिले की गोंधळ उरत नाही.