बंद मदरबोर्ड घ्यायचा तर बिघाड निवडून घ्या

भाच्याचा गेमिंग पीसी जुळवताना सगळ्यात शेवटी मदरबोर्ड उरला आणि तेव्हाच ताईने दिलेले पैसे संपले. रायझन ५ ३६०० प्रोसेसर जुना मिळाला होता, ग्राफिक्स कार्डही मिळालं होतं. पण चालू अवस्थेतला जुना बी४५० बोर्ड साडेचार हजारांच्या खाली कुणी सोडेना. मग कोल्हापुरातून एक बंद पडलेला बाराशेला आणला. तो आता चालतोय. कसा, ते सांगते.

मी काही या धंद्यातली नाही. दिवसा इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात टॅलीवर बसते. बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद झालं, पण सोल्डरगन, मीटर आणि भिंगाचा दिवा घरात राहिला. तेवढ्यावर हे काम होतं.

जाहिरातीत सगळे बंद बोर्ड सारखेच दिसतात: ‘नो डिस्प्ले, ॲज इट इज’. आपल्याला त्यातला दुरुस्त होण्याजोगा बिघाड ओळखायचा असतो. त्यासाठी विकणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते: शेवटचा चालला त्या दिवशी काय केलं होतं?

माझ्या बोर्डाचा मालक फोनवर म्हणाला, “ताई, बायोस अपडेट लावलं होतं आणि लाईट गेली. तवापासून पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाय बघा.” मला हेच ऐकायचं होतं. पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय बहुतेक ठीक आहे आणि बिघाड बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे; तो आठ पायांच्या एका चिपमधला मजकूर असतो. मजकूर परत लिहिता येतो.

याहून सोपं उत्तर म्हणजे “प्रोसेसर बदलला आणि बंद पडला”. बी४५० बोर्ड २०१८ मध्ये आले. त्यावर मूळचंच बायोस असेल तर २०१९ चा रायझन ३६०० किंवा त्यानंतरचा ५६०० त्याला ओळखूच येत नाही, आणि मालकाला वाटतं बोर्ड गेला. ३६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच, तरी मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावून “डिस्प्ले येत नाही” म्हणणारेही भेटतात. असा बोर्ड मिळाला तर दुरुस्ती नाहीच, नुसतं नशीब. म्हणून मी एक रायझन ३ २२००जी जवळ ठेवलाय. त्यात ग्राफिक्स आहे आणि बी४५० च्या पहिल्या बायोसलाही तो चालतो.

“कडाडलं आणि गेला” असं ऐकलं की मी फोन ठेवते. “एका दुकानात दाखवला होता” म्हटलं की फोटो मागवते. सोल्डरिंगच्या फ्लक्सचे पिवळट डाग किंवा करपलेली जागा दिसली तर नको; आधीच्या माणसाने काय काय उपटलंय ते शोधण्यात दोन रविवार जातात. आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेलं सामान पुढे कितीतरी दिवस फिरत होतं. वरून ब्रश मारून चकचकीत केलेलं असतं, पण रॅमच्या स्लॉटच्या तळाशी आणि हीटसिंकखाली गाळाची बारीक रेघ राहते. कोकणातून आलेल्या बोर्डावर खाऱ्या हवेने स्क्रूच्या भोकांभोवती हिरवट बुरशीसारखं चढलेलं बघितलंय. असले बोर्ड आज चालतात आणि सहा महिन्यांनी रुसतात.

इंटेलचा बोर्ड असेल तर पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून सॉकेटवर टॉर्च आडवा धरा. सगळ्या पिना एका दिशेने चमकल्या पाहिजेत; वाकलेली एकटीच वेगळी चमकते. एकदोन असतील तर शिसं काढलेल्या ०.५ च्या पेन्सिलीचं टोक त्यात अडकवून हळू सरळ होतात. तुटलेली असेल तर सोडा. एएम४ मध्ये, म्हणजे बी४५० वरच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नुसती भोकं, त्यामुळे ही कटकट कमी.

आणि हो, बिल मागा. आपल्याकडे बोर्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते. वॉरंटीतला बोर्ड कुणी भंगाराच्या भावात देत असेल तर आधी का ते विचारा.

कोल्हापूरला जाताना मीटर पर्समध्ये टाकलं होतं. मालकाच्या आईने चहा ठेवला तोवर मी डायनिंग टेबलावर बोर्ड उताणा करून बसले. मीटरवरची ही दोन मापं पैसे देण्याआधीच घ्यायची, आणि प्रोसेसर काढून ठेवूनच.

सॉकेटच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या सप्लायचा आठ पिनांचा कनेक्टर असतो. क्लिपच्या बाजूच्या चार पिना १२ व्होल्टच्या, समोरच्या चार ग्राउंडच्या. मीटर २०० ओहमवर ठेवून दोन्हींमध्ये माप घ्या. शून्याच्या आसपास आकडा आला तर १२ व्होल्टची लाईन शॉर्ट आहे. नुसत्या बझरवर विसंबू नका, तो पंचवीस-तीस ओहमलाही वाजतो. आकडा बघा.

दुसरं माप त्याच १२ व्होल्टच्या पिनेपासून सॉकेटशेजारच्या करड्या चौकोनी चोकांपर्यंत, म्हणजे तारेच्या गुंडाळीच्या डब्यांपर्यंत. हे लोक हमखास विसरतात आणि महागात पडतं. इथे शून्य आलं तर वरचा मॉसफेट, म्हणजे १२ व्होल्ट चालू-बंद करणारा स्विच, शॉर्ट आहे. साधारण सव्वा व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला तो थेट १२ व्होल्ट पाजतो. असा बोर्ड फुकट मिळाला तरी त्यात चालू प्रोसेसर घालून ‘बघू तरी’ करू नका.

शॉर्ट असलेला बोर्ड मुद्दाम घेतलाच, तर बाबांची एक युक्ती सांगते. बेंच सप्लायवर एक व्होल्ट आणि दोन-तीन अँपिअरची मर्यादा लावून तो शॉर्ट लाईनला द्यायचा आणि संशयित जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने पसरायचं. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. ओल्या पाटीवर एकच ठिपका कोरडा पडावा तसं दिसतं.

माझ्या बोर्डाची दोन्ही मापं ठीक आली. चहा प्यायले, बाराशे दिले आणि एसटीने परतले.

घरी आल्यावर कॅबिनेटमध्ये काही कोंबायचं नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी. चार स्लॉट असतील तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, खात्रीचाच लावा. सुरू करायला फ्रंट पॅनेलच्या पॉवर स्विचच्या दोन पिना पेचकसाने क्षणभर टेकवायच्या. बटणसेल सीआर२०३२ मोजून घ्या, २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला, वीसेक रुपयांचा प्रश्न आहे.

पंखा फिरला, बोर्डावरचा प्रोसेसरच्या नावाचा लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. पाच मिनिटं थांबले, कारण पहिल्यांदा रॅम जुळवून घ्यायला बोर्ड कधी कधी एकदोन मिनिटं घेतो आणि लोक तेवढ्यात बंद करतात. पण दिवा हलला नाही. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशचं बटण असतं. तिथे फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाची फाइल टाकली की प्रोसेसरशिवायही काम होतं. माझ्या बोर्डाला ते नव्हतं. मग चिपमध्ये थेट मजकूर लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रामर काढला.

इथे माझी जुनी चूक ऐका. हा प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देतो. एएम४ बोर्डांवर बायोसची चिप बऱ्याचदा १.८ व्होल्टची असते. पहिल्या बोर्डाच्या वेळी मी चिपचा नंबर न वाचता तिच्या पायांना धरणारी प्रोग्रामरची क्लिप लावली, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चिपने बोलणंच सोडलं. नवी चिप मागवून सोल्डर करावी लागली. तेव्हापासून आधी भिंग, मग क्लिप. २५क्यू१२८एफडब्ल्यू किंवा २५यू१२८ असं काही लिहिलेलं असेल तर मध्ये १.८ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. नंबर वाचता येत नसेल तर त्यावर थोडं अल्कोहोल फिरवून तिरपा उजेड टाका, अक्षरं उठून दिसतात.

एसएमपीएसची केबल आणि सेल दोन्ही काढा. चिपवर ठिपका असतो ती पहिली पिन. क्लिपची लाल वायर तिथे. मग लिहिण्याआधी वाचा. दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून बघा. वेगवेगळ्या आल्या किंवा सगळीकडे एफएफ दिसलं तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा बोर्डावरचे बाकीचे भाग चिपचा सप्लाय ओढताहेत. दुसऱ्या वेळी क्लिपशी झटापट करत बसू नका, चिप उचलून अडॅप्टरवर ठेवा. ही जुनी फाइल बिघडलेली असली तरी जपा. बोर्डाचा सीरियल नंबर आणि काही बोर्डांत लॅनचा मॅक ॲड्रेस तिच्यातच असतो.

नवी फाइल कंपनीच्या साइटवरून, आणि बोर्डाच्या रिव्हिजनसकट बघूनच घ्या; रिव्हिजन बोर्डाच्या कडेला छापलेली असते. १६ एमबीच्या चिपला फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. काही कंपन्यांच्या .कॅप फाइलला पुढे २०४८ बाइटचं जास्तीचं डोकं असतं, ते हेक्स एडिटरमध्ये कापावं लागतं. मग इरेज, ब्लँक चेक, राइट, व्हेरिफाय. व्हेरिफाय न करता क्लिप काढली तर सगळं पुन्हा करायची तयारी ठेवा.

२२००जी लावला, पिना टेकवल्या. प्रोसेसरचा दिवा लागला, विझला, रॅमचा लागला. तो एवढा वेळ राहिला की मी शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट मोजत बसले. मग मॉनिटरवर लोगो. भाच्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, “मावशी, आरजीबी आहे का?” म्हणजे रंगीत दिवे.

लोगो आला की लोक बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवतात. मी आणखी दोन दिवस खोक्यावरच ठेवते. एका रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६, रॅमची पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवून. मग ३६०० आणि ग्राफिक्स कार्ड लावून अर्धा तास ओसीसीटी या चाचणी प्रोग्रामचा ताण, आणि तेवढ्या वेळात सॉकेटशेजारच्या मॉसफेटांच्या तापमानावर नजर. कार्ड पूर्ण सोळा लेनवर चालतंय का ते जीपीयू-झेडमध्ये दिसतं. आठच दाखवत असेल तर कार्डाचे सोनेरी पाय पुसून परत बसवा. लॅन, आवाज, प्रत्येक साटा, प्रत्येक यूएसबी हाताने तपासा. माझ्या बोर्डाचं लॅन सुरू झालं, पण मॅक ॲड्रेस सगळा शून्य. जपून ठेवलेल्या जुन्या फाइलमध्ये तो सापडला. बोर्डावरच्या स्टिकरशी ताडून नव्या फाइलमध्ये त्याच जागी टाकला आणि चिप परत लिहिली.

मागचा एक यूएसबी पोर्ट मात्र मेलेलाच निघाला. मीटर लावलं तर पाच व्होल्ट येत होते, डेटाची लाईन गेलेली. त्या बाराशेत तेवढं चालायचंच. पोर्टवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय आणि भाच्याला सांगितलंय, इथे माऊस लावून मला रात्री फोन करायचा नाही.