मॅगझिनऐवजी सिंगल-शॉट अडॅप्टर: माझा अनुभव

पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर ५० मीटरचा सराव करताना माझ्या पॉइंट टू टू (.२२ बोअर) रायफलच्या मॅगझिनमधून (गोळ्या ठेवायच्या डबीतून) गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, वाकडी शिरायची. गोळीचं शिसं मऊ; टोकाला ओरखडा पडला की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, फाकतो. थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात) तर गोळ्या एकेक करूनच भरायच्या असतात. (नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारात!)

मग मॅगझिनच्या जागी सिंगल-शॉट अडॅप्टर बसवला. प्लॅस्टिकची छोटी पन्हळच ती. गोळी ठेवायची, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) हळू पुढे न्यायचा. गोळी सरळ आत जाते. अडॅप्टर किंचित हलायचा, म्हणून कडेला पातळ टेप लावली. गोळ्यांवरचं मेण पन्हळीत साचतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ते पुसत राहावं. सगळ्यात जास्त फायदा प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, झाला: दस्ता खांद्यावरून न हलवता पुढची गोळी भरता येते.